इट म्हणजे कोण?

मंगळवार, २८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या सुटीनंतर आज शाळा भरली. आठवीचा पट छत्तीस, हजर एकोणीस. बाकीचे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. परवा रविवारी निफाड तालुक्यात गारपीट झाली. येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या द्राक्षबागांत माणसं वाकून मोडक्या काड्या गोळा करत होती.

नियोजनात प्रेझेंट परफेक्ट. स्वाध्यायपुस्तिकेतलं पहिलं वाक्य केक खाल्ल्याचं. पुस्तिका मिटली आणि फळ्यावर मराठीतच लिहिलं: 'गारा पडल्या' आणि 'गारा पडल्या आहेत'. फरक काय?

पहिल्या बाकावरचा म्हणाला, "मॅडम, पहिलं म्हणजे झालं ते गेलं. दुसरं म्हणजे अजून बागेत दिसतंय."

बी.एड.ला मला हे इतकं चोख कुणी सांगितलं नव्हतं. गारा तर त्याच संध्याकाळी वितळल्या, पण 'आहेत' वितळत नाही. इंग्रजीतलं हॅव आणि हॅज तेच काम करतं, एवढंच मला सांगायला उरलं.

मग वह्या पाहिल्या. एकोणीसपैकी चौदा जणांनी 'हॅज फॉलन' लिहून पुढे 'ऑन संडे' जोडलेलं. मराठीत ही चूकच नाही. 'पाहुणे कालच आले आहेत' असं आपण रोज म्हणतो. काल आणि आहे एका घरात सुखाने नांदतात. इंग्रजीत त्यांची सोयरीक जमत नाही. वार सांगितला की हॅजने घर सोडायचं. चौदा लाल खुणा करायला हात धजेना. 'ऑन संडे'खाली नुसती रेघ मारली.

बुधवार, २९ नोव्हेंबर

कालचंच वाक्य पुढे. मी लिहिलं, 'इट हेल्ड ऑन संडे'. मागून प्रश्न आला, "मॅडम, हे इट म्हणजे कोण?"

कोणीच नाही, म्हटलं. मुलं हसली. कोणीच नाही तर लिहायचं कशाला? आमच्यात गारा पडतात, म्हणजे पडणाऱ्या गाराच. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते. इंग्रजीत कोण पाडतं?

त्यांच्या प्रश्नाचा मान राखायचा तर मराठीतूनच जावं लागणार होतं. 'उजाडलं'मध्ये कर्ता कोण? 'सांजावलं'मध्ये? 'मळमळतंय'मध्ये? सातवीत घोकलेलं भावकर्तृक क्रियापद एका मुलीला आठवलं. आपण कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवतो आणि आपलं काही अडत नाही. इंग्रजीला रिकामी खुर्ची खपत नाही. तिथे ती इट नावाचं बुजगावणं बसवते. बुजगावणं हा शब्द निघाला आणि वर्ग मार्गी लागला. तासाभरात इट इज कोल्ड, इट इज लेट, इट इज सेव्हन ओक्लॉक, सगळी बुजगावणी उभी राहिली. एकाने घरून निघतानाचं वाक्य केलं: लाइट नाही, 'इट इज नो लाइट'. इथे बुजगावणं बदलतं, देअर येतं. ते उद्यावर टाकलं.

शुक्रवार, १ डिसेंबर

शब्दसंग्रहाचा तास. पुस्तिकेत विमानतळावरचे शब्द दिलेत. मी म्हटलं, बागेतले इंग्रजी शब्द सांगा. फळा पुरला नाही: पेस्टिंग, डिपिंग, थिनिंग, ग्रेडिंग, पॅकिंग, क्रेट, ड्रिप, लॅटरल, व्हॉल्व्ह, डाउनी. डिपिंग म्हणजे जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून काढायचा, मणी फुगावेत म्हणून. पेस्टिंग छाटणीनंतरचं, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हे मला समजावताना त्यांच्या आवाजात जो रुबाब होता, तो इंग्रजीच्या तासाला मी प्रथमच ऐकला.

शब्द तोंडात मुरलेले, पण स्पेलिंग कोणीच पाहिलेलं नाही. बहुतेकांनी डिपिंगमध्ये एकच पी घातला. वाचून दाखवलं: डायपिंग. एका पीने घड बुडत नाही. एकटा ऱ्हस्व स्वर आणि त्यामागे एकटं व्यंजन असलं की त्या व्यंजनाला जोडीदार द्यायचा, म्हणजे स्वर आपल्या जागी राहतो. थिनिंगला दोन एन. मग रंगाच्या दुकानातला थिनर आठवला, त्यालाही दोनच. पॅकिंगमध्ये सी आणि के आधीच जोडीने आहेत, तिथे काही करायचं नाही. पेस्टमधला आणि ग्रेडमधला शेवटचा ई गळतो. हा जोडीदाराचा नियम मी गेली अकरा वर्षं रन आणि स्विमवर शिकवत आले. इथल्या एकाही मुलाने पोहण्याचा तलाव पाहिलेला नाही.

भूतकाळाला शेवटी ईडी लावा म्हटल्यावर मागून आवाज: "मॅडम, ईडी लागली की माणसंपण भूतकाळात जातात." हसू आवरणं अवघड गेलं. बातम्या सगळेच बघतात.

सुरगाण्याहून मजुरांच्या टोळीबरोबर आलेली एक मुलगी शिक्षण हमी पत्रक घेऊन मंगळवारपासून वर्गात बसते. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी, आणि वर ही तिसरी. चार दिवस तोंड उघडलं नव्हतं. थिनचा अर्थ विचारला तेव्हा तीच उठली. बोलली नाही, हवेत घड धरला आणि दोन बोटांची कात्री करून कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा ते दाखवलं. कात्री सराईत होती. ती शाळेच्या वेळात तरी बागेत नसावी, एवढंच माझ्या हाती.

सोमवार, ४ डिसेंबर

शिक्षक खोलीच्या कपाटात रेन आणि मार्टिनचं जुनं व्याकरण सापडलं. मुलांनी नाव ऐकून विचारलं, पावसाचं पुस्तक आहे का? सांगितलं, रेन हे आडनाव, चिमुकल्या पक्ष्याचंही नाव, स्पेलिंगला सुरुवातीचा डब्ल्यू मुका. हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि १९२४ साली त्याने 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिली. इतक्या थरारक गोष्टी रचणाऱ्याने आमच्या वाट्याला मात्र रिकाम्या जागा ठेवल्या.

गुरुवार, ७ डिसेंबर

बागेत विरळायला घडच राहिले नाहीत, त्यामुळे टोळी निघाली. ती मुलगी सकाळी पत्रकावर सही घ्यायला आली. "आम्ही चाललो," म्हणाली. मी सवयीने म्हटलं, इंग्रजीत सांग. तिने सावकाश जुळवलं: "वी आर गोइंग."

बरोबर होतं. फक्त 'आम्ही'त मी नव्हते आणि 'आपण'मध्ये असते, ते इंग्रजीच्या 'वी'त कळायला मार्ग नाही. सही केली. कुठे जाणार ते तिला माहीत नव्हतं.

शनिवार, ९ डिसेंबर

सकाळची शाळा. गारांचा विषय मागे पडला, आता कांदा. केंद्राने ३१ मार्चपर्यंत निर्यात बंद केली; काल लासलगावला लिलाव झाले नाहीत, चांदवडला महामार्ग अडवला. आज पॅसिव्ह व्हॉइस घ्यायचाच होता. वर्तमानपत्रातलं वाक्य फळ्यावर घेतलं: 'कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली आहे.' कोणी घातली? वाक्य सांगत नाही. 'करण्यात आली', 'घेण्यात आला', सरकारी मराठी सगळीच्या सगळी पॅसिव्ह असते, म्हणून हा धडा मुलांना अवघड जात नाही.

एक्स्पोर्टमधल्या पोर्टचा अर्थ वाहून नेणं. इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टर ओळीने आले. नाम असेल तर जोर एक्सवर, क्रियापद असेल तर पोर्टवर, हे चारदा म्हणवून घेतलं. मराठी जिभेला जोराची फिकीर नसते, पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावं लागेल.

बॅन्डला किती एन, यावर दोन बाकांत वाद झाला. "थिनिंगवानी," एकाने निकाल दिला.

मग वाक्य: 'ओनियन एक्स्पोर्ट हॅज बीन बॅन्ड'. कर्ता सांगायचा असेल तर शेवटी बाय लावून लिहा, नसेल तर सोडा, असं म्हटलं. कोणीच सोडला नाही. बहुतेकांनी बाय द गव्हर्न्मेंट लिहिलं, त्यात गव्हर्न्मेंटचा पहिला एन सगळ्यांचा गळालेला. पहिल्या बाकावरच्याने, ज्याच्या वडिलांची ट्रॉली कालपासून भरलेली उभी आहे, लिहिलं 'बाय दिल्ली'.

स्पेलिंग बरोबर, शब्दयोगीची जागा बरोबर. पूर्ण गुण दिले.