कच्चं मडकं



कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवरायांचं गाव आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं. आषाढीआधी आमच्या दिंडीची अभंगपुस्तिका तयार करण्याची सेवा माझ्याकडे असते. मी ती संगणकावर ईमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये टाइप करतो. एखादा चरण चुकून दोनदा पडला तर तो दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम मी करून ठेवला आहे. ईमॅक्समधूनच शेलला हुकूम द्यायचा, शेल तो प्रोग्राम चालवतो.

यंदा छपाईच्या तोंडावर तो चालेना. ‘कमांड सापडली नाही’ एवढंच उत्तर. तीच कमांड टर्मिनलमध्ये मात्र बिनबोभाट चाले. आदल्या दिवशी पुतण्या त्या संगणकावर बसला होता. चौकशी न करता मी त्याच्यावर खेकसलो, ‘‘तूच काहीतरी बिघडवलंस!’’ पोरगं मुकाट्यानं उठून गेलं.

मग मी एकटाच झटत बसलो. ईमॅक्समधून शेलला प्रोग्रामचा पत्ता सांगितला, पण पुढच्या कमांडला पुन्हा तेच. दर कमांडला ईमॅक्स नवा शेल जन्माला घालतो. आधीच्याला शिकवलेलं त्याच्याबरोबरच संपतं. माउली, कीर्तनात ऐकलेलं मंडपाबाहेर पडताच विसरावं, तसंच हे!

संध्याकाळी पुतण्याच जवळ आला. म्हणाला, ‘‘काका, यंदा तुम्ही एडिटर कुठून उघडता?’’

मी चपापलो. दरवर्षी मी तो टर्मिनलमधून उघडायचो. यंदा सोय म्हणून पडद्यावर चिन्ह करून ठेवलं होतं, तेही मीच. आम्ही दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: तुझा पाथ काय? पाथ म्हणजे प्रोग्राम कुठे कुठे शोधायचा, त्या जागांची यादी. दोन उत्तरं निराळी आली. ही यादी प्रत्येक प्रोग्रामला जन्मदात्याकडून मिळते. टर्मिनलमधून उघडलेल्या ईमॅक्सला माझ्या शेलचा वारसा मिळे. चिन्हावरून उघडलेल्याला तो मिळत नव्हता. मग लेकराला कुठून मिळणार? लेकराला सांगून आईला कळत नाही. आईकडे असेल तरच लेकराला मिळतं. ईमॅक्सच्या सुरुवातीच्या फाइलमध्येच पाथ लिहिला. ईमॅक्स स्वतः प्रोग्राम शोधतो ती यादी वेगळी असते, तिच्यातही ती जागा घातली. बंद करून पुन्हा उघडलं आणि काम झालं.

गोरोबाकाकांनी थापटी मारून पाहिली तेव्हा नामदेवराय कच्चे ठरले, आणि मग औंढ्याला विसोबा खेचरांना शरण गेले, ही कथा आपण सगळे सांगतो. मीही सांगतो. त्या दिवशी थापटी पुतण्याच्या हातात होती आणि कच्चं मडकं मी होतो. फरक एवढाच, की त्यानं ती हळूच मारली.

मी त्याची माफी मागितली. तो हसला आणि पुस्तिकेची तपासणी करायला बसला. माउली, घरात काही अडलं तर लेकराला बोल लावण्याआधी एकदा विचारा, त्याला हे दिलं कोणी?

रामकृष्ण हरी!