दिवा कुठे ठेवायचा?

मी कादंबरी कंदील शोधत वाचतो. बायको म्हणते, याला वाचन नाही, झडती म्हणतात. खरंच आहे. पुस्तकात कोणी घर सोडून निघालेलं असतं, आणि मी पेन्सिल घेऊन बघत असतो, वेळ कुठली, खिडकी कोणत्या भिंतीला, दिवा कशावर ठेवलाय. बहुतेक लेखक हे सांगतच नाहीत. ‘तिला भरून आलं’ एवढ्यावर त्यांचं भागतं. आम्हा लाईटवाल्यांना मात्र ते भरून येणं कुठल्या तरी उजेडात दाखवावं लागतं.

साने गुरुजींनी आमच्यावर उपकार करून ठेवलेत. ‘श्यामची आई’च्या प्रकरणांची नावंच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा केला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. २०२३मध्ये सुजय डहाके यांनी तो पुन्हा केला, तोही कृष्णधवल, रंग हाताशी असताना. त्यातली जोखीम मला कळते. रंगीत चित्रात कंदिलाचा पिवळेपणा निम्मं काम परस्पर करून टाकतो, बघणाऱ्याला आपोआप ऊब वाटते. तो पिवळा काढून घेतला की उजेड कुठून येतो, किती येतो आणि कुठे संपतो, एवढंच उरतं.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा आला. “काका, जुन्या कथेवर लघुपट करतोय. लग्नाच्या शूटिंगच्या तारखा सोडून दोन रात्री द्या.” रहाटणी गावठाणात त्याला एक जुनं घर मिळालं होतं. जागा झकास होती, फक्त अंधार नव्हता. समोर टॉवर, गल्लीत एलईडीचा पांढराफटक दिवा, कौलांच्या फटींतूनही उजेड. कथेतल्या गावात वीज पोचायची होती. काळं कापड ठोकण्यातच पहिली रात्र निम्मी गेली.

दृश्य साधं होतं. उशिरा आलेला मुलगा, जागी आई, वाढलेलं ताट. मी कंदील ताटाजवळ जमिनीवर ठेवला, आमच्या आजीकडे असायचा तसा. मॉनिटरवर बघतो तर उजेड खालून हनुवटीवर. आई कसली, हडळ! सगळे हसले, आईचं काम करणाऱ्या ताईसुद्धा.

मग कंदील कोनाड्यात गेला. खऱ्या ज्योतीचं दुखणं असं, की कॅमेऱ्यात ती स्वतः पांढरी जळून जाते आणि माणसाच्या चेहऱ्यावर काहीच पोचत नाही. म्हणून ज्योत नुसती दिसण्यापुरती ठेवली आणि कोनाड्याच्या कडेआड डिमरवरचा छोटा बल्ब लावला, त्यावर नारिंगी जिलेटिन. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे ताईंना हातभर इकडेतिकडे बसवण्यातच तासभर गेला. शेवटी जमलं, पण आता त्यांची सावली थेट मुलाच्या ताटावर.

“काका, सावली उडवा ना,” पोरगा म्हणाला. मी उजेड परतवायचा थर्माकोल उचलला, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “मी जरा सरकू का?” आणि सरकल्या. भाकरीवर उजेड आला, ताई अंधारात गेल्या. कानातली कुडी तेवढी चमकत होती. मी कथा पुन्हा चाळली. आई सरकल्याचं वाक्य त्यात नव्हतं.

“पण चेहरा दिसत नाही,” पोरगा कुरकुरला. त्याचं चुकलं म्हणणार नाही. लग्नं करून करून माझीही नजर तशीच झालीय, चेहरा उजळ आला नाही तर पैसे अडकतात. मी त्याला ‘कुंकू’ सिनेमाची आठवण करून दिली. १९३७चा, पुण्यातल्या प्रभात स्टुडिओतला, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरचा. शांतारामबापूंनी आणि कॅमेरामन अवधूत यांनी म्हाताऱ्या नवऱ्याची लाज आरशाच्या फुटक्या तुकड्यांत दाखवलीय. पोरगा हो म्हणाला, पण पटलं नव्हतं. मी थर्माकोल ठेवून दिला आणि उलट एक कटर आणून लावला, ताईंवर चुकूनही कवडसा पडू नये म्हणून. पोरानं दोन्ही प्रकारे घेतलं, चेहऱ्यासकट आणि चेहऱ्याविना. एडिटला कुठलं ठेवलं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

पहाटे कापड काढलं तसा टॉवरच्या पार्किंगचा उजेड भसकन आत आला. ताटातली भाकरी मात्र गायब होती. आमच्यातल्याच कोणीतरी अंधारात खाल्ली होती.