आधी इंजिन, मग पाणी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी पुण्याहून ताईचा फोन आला होता, "अरे, तब्येत बरी आहे ना? काही लिहीत का नाहीस?" तब्येत उत्तम आहे. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ती सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहायला हात धजावत नव्हता. घरच्यांना ती ठाऊक आहे. आता तुम्हालाही सांगून टाकतो.

आमचे धाकटे चिरंजीव मालवणात पर्यटकांना जेटस्कीवरून फिरवतात. जेटस्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल म्हणा ना! कर्ज काढून घेतलेली, जुनी, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली. तिच्यातला पंप पाणी जोराने मागे फेकतो आणि गाडी पुढे पळते. त्यातलंच थोडं पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवतं. आता समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणून गाडी बाहेर काढली की नळी जोडून गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं. एरवी हे काम मुलगाच करतो.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यासाठी समुद्रातले खेळ बंद झाले त्याच दिवशी, त्याला सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी तातडीने मुंबईला जावं लागलं. जाताना म्हणाला, "अण्णा, एवढं धुऊन ठेवाल ना? कागद लावलाय भिंतीवर." कागदावर दोनच ओळी होत्या. सुरू करताना आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. परीक्षेच्या आधी दरवर्षी पोरांना सांगायचो, प्रश्न आधी नीट वाचा. आणि मी काय केलं? नळी जोडली, नळ पूर्ण सोडला आणि मग लक्षात आलं की चष्मा आत राहिला. तो आणायला गेलो तर फोन वाजला. दहा मिनिटं गेली. परत येऊन कागद वाचला तेव्हा पोटात गोळाच आला. इंजिन चालू असलं की आतला धूर थंडाईचं पाणी बाहेर ढकलत असतो. बंद असलं की तेच पाणी धुराच्या वाटेने उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी घाबरून बटण दाबलं. 'टक्' असा आवाज आला. पुन्हा दाबलं. पुन्हा टक्. नळ बंद केला आणि ताडपत्री ओढली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "झालं ना, अण्णा?"

"झालं," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द! तो मुंबईहून परतला तेव्हा सांगू म्हटलं, पण तो सासऱ्यांच्या काळजीत होता. मग मिरग लागला, मग आषाढ आला. रोज रात्री पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मला ती ताडपत्री आठवायची. वाटायचं, कदाचित काही झालंही नसेल.

नारळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुलाने ताडपत्री काढली. इंजिन जाम. तसूभरही हलेना.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने बघितलं आणि म्हणाला, इंजिन बाहेर काढल्याशिवाय काही कळणार नाही. गाडी मांगरात घेतली. आधी बॅटरी सोडवली, मग पेट्रोलच्या नळ्या, केबली, कार्बोरेटर आणि धुराचा जाड पाइप. माझ्याकडे काम आलं हजेरीचं. प्रत्येक बोल्टला नंबर द्यायचा आणि तो कुठला ते वहीत लिहायचं. इंजिनाच्या बैठकीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या जशा होत्या तशाच परत बसल्या नाहीत, तर इंजिन आणि पंपाचा दांडा एका रेषेत येत नाही. त्या मी वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या. एक बोल्ट दोन दिवस गैरहजर होता, तो गाडीच्या तळाशी तेलकट पाण्यात सापडला!

बोल्ट सुटता सुटत नव्हते. बोल्ट स्टीलचा, इंजिन अॅल्युमिनियमचं आणि मध्ये खारं पाणी. अशा जोडीत अॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती बोल्टला सिमेंटसारखी धरून ठेवते. मुलगा पान्यावर जोर लावायला लागला की हा म्हणायचा, "घाई केल्यात तर बोल्ट मोडतलो." तेल सोडायचं, थांबायचं, टॉर्चने शेकायचं, जरासं पुढे, जरासं मागे. तरीही एक मोडलाच. शेवटी तुळईला चेनपुली अडकवून इंजिन वर उचललं.

वरचं झाकण काढलं. आत सगळं तांबूस. खालच्या खोक्यात तेल आणि पाणी मिसळून दुधासारखं झालेलं. याने त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"ह्यां खारां पाणी नाय. ह्यां गोडां पाणी. इंजिन बंद असताना पाणी कोणी सोडल्यान?"

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो असतो की ताडपत्रीतून पाऊस गळला असेल, तर त्याने विश्वास ठेवला असता. ते वाक्य जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला सांगू!

"मी सोडलं," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. दोनदा दाबलेल्या बटणासकट.

मुलगा काही न बोलता बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आला. "अण्णा, त्याच संध्याकाळी सांगितलं असतंत तर कोणाला तरी पाठवून प्लग काढून पाणी उडवलं असतं, आत तेल सोडलं असतं. तासाभराचं काम होतं."

त्याने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आमचे मेकॅनिक म्हणाले, "गुरुजी, पृथ्वीचो गोळो आठवता मां?" आठवत होता. सातवीत याने वर्गातला गोल फोडला होता आणि आठवडाभर कपाटामागे लपवून ठेवला होता. मी म्हणालो होतो, फोडलास त्याची शिक्षा नाही, लपवलास त्याची आहे. आणि दहा छड्या मारल्या होत्या. मी हात पुढे केला. तिघेही हसलो. पण माझं हसू फार वेळ टिकलं नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून ठेवलं, रोज लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. चौथ्या दिवशी पिस्टन सुटले. ते जिथे थांबले होते तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची गोल रेघ उमटली होती. माझ्या 'झालं'ची तारीखच म्हणा.

सिलिंडर आणि क्रँक घेऊन मी मुलाबरोबर फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात. सिलिंडरना बोअर मारून घेतलं, त्या मापाचे मोठे पिस्टन घेतले, क्रँकचे बेअरिंग बदलले. पैसे माझ्या पेन्शनीतून दिले. मुलगा नको म्हणत होता. पण सप्टेंबरची कमाई बुडाली, गणपतीची गर्दी गेली, बँकेचे दोन हप्ते थकले, ते काही पेन्शनीने भरून येत नाही.

जोडताना माझी वही कामाला आली. प्रत्येक बोल्ट ग्रीस लावून आपल्या जागी गेला. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, इंजिनाला झेंडूची माळ घातली. पहिल्या दोन प्रयत्नांत नुसतीच घरघर. तिसऱ्याला निळा धूर सोडून ते सुरू झालं. ही स्वयंपाकघरातून धावत आली.

दिवाळीत गाडी पुन्हा समुद्रात गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलगा ती घेऊन आला, नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "अण्णा, धुऊन ठेवा. मी आंघोळीला जातो."

मी आधी चष्मा आणला.