जुना ईसीजी जपून ठेवा

मंडळी, ईसीजीच्या कागदावर ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापून आलं की पोटात गोळा येतोच. गेल्या हिवाळ्यात अरादच्या आमच्या घरी असा कागद आला, माझ्याच नावाचा. डॉक्टरांनी आधी विचारलं, “जुना ईसीजी आहे का?” साताऱ्याहून वहिनींनी २०१५ च्या ईसीजीचा फोटो पाठवला. रेषा तीच! उजवा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे विजेचा संदेश हृदयाच्या उजव्या कप्प्यात जरा उशिरा पोचतो. बाकी हृदय निरोगी असेल तर बहुधा काळजी नसते. इको करून डॉक्टरांनी ती खात्रीही केली.

तो शब्द यंत्र छापतं, निदान डॉक्टर करतात. रेषा बदलते ती अनेक वर्षांच्या रक्तदाबाने, पोटॅशियम कमी-जास्त झाल्याने, काही औषधांनी, कधी वायरी चुकीच्या जागी लागल्याने; आणि कधी खरोखरच हृदयाचा रक्तपुरवठा अडल्याने. उलट, झटका येत असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून छातीत दाब, घाम, धाप असेल तर जुना कागद शोधत बसू नका, ९९९ लावा.

एरवी मात्र घरातल्या मोठ्यांचे, गावाकडच्या आईबाबांचेही ईसीजी फोनमध्ये ठेवा. आणि ते कुठे आहेत, हे मुलांना सांगून ठेवा.