कार्बोरेटरमधला कचरा

मराठी गद्याचा विचार करताना आपण अध्यापक मंडळी ललित, वैचारिक, चरित्रात्मक अशी वर्गवारी करतो आणि तिच्याबाहेर उरलेल्या भाषेला ‘व्यवहारभाषा’ असे सरसकट नाव देऊन मोकळे होतो. या व्यवहारभाषेत यंत्रांविषयीची एक समृद्ध मराठी नांदत असते, तिच्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. गाडी ‘मिसिंग करते’, ‘रेस घेत नाही’, पेट्रोल ‘ओव्हरफ्लो होते’, प्लग ‘काळा पडतो’, कार्बोरेटरमध्ये ‘कचरा येतो’. यांतले निम्मे शब्द इंग्रजी आहेत हे खरे. पण वाक्ये मराठी आहेत, आणि त्यांतले प्रत्येक वाक्य म्हणजे एक निदान आहे. या भाषेचे मोल आम्हाला जाणवले ते मात्र महाराष्ट्रात नव्हे, तर २०२४च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यापैकी एकाच्या थोरल्या बंधूंकडे, म्हणजे आम्हा दोघांच्याही दादांकडे, गेलो होतो. दादा १९८५ साली तिकडे गेले; आता सत्तरी उलटली आहे. घराभोवती एकरभर गवत आणि ते कापायला वर बसून चालवायचे यंत्र. तिकडे मे महिन्यात गवत झपाट्याने वाढते, आणि ते ठरावीक उंचीपलीकडे वाढू दिल्यास अनेक नगरपालिका दंड करतात. हिवाळाभर गॅरेजात उभे असलेले दादांचे यंत्र नेमके तेव्हाच रुसले होते. चोक दिला की सुरू होई, चोक काढला की बंद पडे. अर्धा ठेवला तर आवाज सारखा चढे आणि उतरे.

गोष्ट एवढीच असती तर दुरुस्तीवाल्याला बोलावून भागले असते. परंतु घर विकून लहान सदनिकेत राहायला जावे, असा मुलांचा आग्रह गेले वर्षभर चालू होता, आणि बंद पडलेले यंत्र हा त्या वादातला मुलांच्या बाजूचा नवा मुद्दा झाला होता. दादांचा हात आता कापतो. बारीक वस्तू नीट दिसत नाही. ते आम्हाला म्हणाले, “हात तुमचे, डोळे तुमचे. कान माझे.”

कार्बोरेटरचे काम वर्णन करायला सोपे आहे. हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे तिचा दाब घटतो, आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. वाटीतली पातळी राखायला एक तरंगता फ्लोट आणि त्याने उघडझाप होणारी सुई असते. चोक हवा कमी करतो, म्हणून पेट्रोलचे प्रमाण वाढते. एवढे समजले की लक्षण वाचता येते: चोक दिल्यावरच इंजिन चालते, याचा अर्थ त्याला एरवी पेट्रोल कमी पडते आहे.

तथापि दादांनी कार्बोरेटरला लगेच हात लावू दिला नाही. आधी टाकीचे झाकण सैल करून पाहायला लावले. झाकणातले हवेचे छिद्र बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मग फिल्टर, मग नळीतून येणारी धार, मग हवेची जाळी, मग प्लग. वाटीच्या बुडाशी पेट्रोल रोखणारा एक विजेवरचा खिळा असतो. चावी फिरवल्यावर तो ‘टक्’ असा वाजतो की नाही, हे त्यांनी कान लावून ऐकले. प्रत्येक पायरी एक शक्यता वजा करीत होती. संहितेकडे जाण्यापूर्वी पाठभेद तपासावेत, तशीच ही शिस्त होती.

प्लगची वायर काढून ठेवली, नळी चिमट्याने दाबून धरली आणि वाटी उतरवली. आतले द्रव काचेच्या बरणीत ओतले, तेव्हा तळाशी पाण्यासारखा एक वेगळा थर बसलेला दिसला. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. ते हवेतली आर्द्रता शोषते, आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. शिवाय महिनोन्महिने साठलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. जेट पितळेचे, छिद्र सुईच्या टोकाएवढे. पोलादी तार घालायची नाही, छिद्र मोठे होते, असे दादांनी बजावले. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून घातली, साफ करणारा फवारा मारला आणि जेट उजेडाकडे धरले. “काय दिसतं?” दादांनी विचारले. “गोल उजेड,” आम्ही म्हणालो. “मग झालं.”

यंत्र चालले. घराचा प्रश्न अर्थातच त्याने सुटला नाही. तो कधी ना कधी यायचाच आहे. परंतु त्या दिवशी दादांनी स्वतः बसून सगळे गवत कापले, आणि घर केव्हा सोडायचे हे आपण ठरवू, यंत्र नाही, असे मुलाला फोनवर सांगितले.

आम्हाला त्या चढत्या-उतरत्या आवाजाने अधिक विचारात पाडले. इंजिनचा वेग राखायला गव्हर्नर असतो. पेट्रोल कमी पडून वेग घसरला की तो गळा उघडतो. वेग वाढला की मिटतो. मिटला की वेग पुन्हा घसरतो. ऐकणाऱ्याला वाटते, बिघाड गव्हर्नरात आहे, आणि बरेच जण त्याची स्प्रिंग पिळत बसतात. वस्तुतः तो बिचारा आपले काम प्रामाणिकपणे करीत असतो. जिथे आवाज होतो तिथे दोष असतोच असे नाही, हे समीक्षेच्या तासालाही सांगावे असे सूत्र आहे.

आणखी एक गोष्ट. नातवंडांशी इंग्रजीत बोलणारे दादा त्या दोन तासांत केवळ मराठी बोलत होते, आणि ती मराठी १९८५ पूर्वीच्या, त्यांच्या स्कूटरच्या दिवसांतली होती. “हिला आडवी करता येत नाही, नाहीतर एका किकमध्ये लागली असती,” असे ते म्हणाले, तेव्हा स्कूटर कलंडवून वाटीत पेट्रोल उतरवणारी अख्खी पिढी डोळ्यांसमोर आली. राळ, क्षार, पाणी या सगळ्यांसाठी त्यांचा शब्द एकच: ‘कचरा’. शास्त्राला तो ढोबळ वाटेल. पण काय करायचे ते तो अचूक सांगतो.

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि जवळपास सर्व नव्या दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. हवा स्वच्छ राहावी म्हणून ते आवश्यकच होते. त्याबद्दल हळहळ नाही. मात्र यंत्र गेले की त्याच्याबरोबर ऐकण्याची एक रीत आणि तिची शब्दसंपदाही जाते. जुन्या गाड्या आणि त्यांचे मेकॅनिक अजून गावोगावी आहेत. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आम्ही यंदा प्रकल्प दिला आहे तो हाच: जवळच्या गॅरेजात बसा, आणि बिघाड कोणत्या शब्दांत सांगितला जातो ते उतरवून घ्या.