कठीण अंथरुणाची वकिली

पाठ दुखते असं कुणी म्हणालं की माझा सल्ला तयार असायचा. गादी काढा, खाली सतरंजीवर झोपा. शाळेतल्या सहशिक्षिका, शेजारच्या काकू, नणंदेचे यजमान, कुणालाही मी यातून सोडलं नाही. बहुतेकांनी तो सल्ला मागितलेलाही नव्हता. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एकच: आमचे दादा. ते जन्मभर शहाबादी फरशीवर घोंगडी टाकून झोपले आणि पंचाहत्तरीतही ताठ चालायचे.

कऱ्हाडच्या आमच्या घरात गाद्या होत्या, पण त्या माळ्यावर. त्या खाली यायच्या पाहुण्यांसाठी, बाळंतिणीसाठी किंवा कुणी तापाने फणफणलं तर. धडधाकट माणसाने गादी मागणं म्हणजे दादांच्या लेखी आळसाची कबुली होती. गादीवर लोळणाऱ्याला पहाटे जाग येत नाही, असं ते म्हणत. आता मागे वळून पाहताना लक्षात येतं की आमच्याकडे पाठीचा प्रश्न कधी वैद्यकीय नव्हताच, तो चारित्र्याचा होता. कठीण अंथरूण चांगलं, कारण ते सुखाचं नाही. पुढे डॉक्टर मंडळीही गादीखाली फळी घाला म्हणू लागली तेव्हा आम्हाला आपलीच बाजू खरी ठरल्यासारखं वाटलं.

नोकरी संपता संपता माझीच पाठ धरू लागली. आयुष्य फळ्यासमोर उभं राहण्यात गेलं होतं, तेव्हा कंबर अधूनमधून बोलणारच, हे मी धरून चालले होते. उसण भरली की शेक, मग जरा लवंडायचं, संपलं. पण हे दुखणं वेगळं होतं. रात्री झोपताना काही नाही आणि सकाळी उठताना कंबर अशी आखडलेली की खाटेची कड धरूनच उभं राहावं. केर काढून, चहा घेऊन होईपर्यंत सगळं सुटायचं. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले आणि मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "काकू, तुम्ही उताण्या झोपता की कुशीवर?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता, आणि तरी सगळ्यांना सतरंजी सुचवत आले होते. मी म्हणाले, कुशीवर. तिने मला तिथल्या कडक बाकावर कुशीवर झोपायला लावलं आणि कमरेच्या खळगीत एक घडी केलेला टॉवेल सरकवला. कंबर सैल पडली. मग तिने टॉवेल काढून घेतला, आणि सकाळी उठताना जाणवायची तीच ओढ पुन्हा जाणवली.

तिचं म्हणणं सरळ होतं. माणूस कुशीवर झोपतो तेव्हा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. जमीन दबत नाही, त्यामुळे हे दोन उंचवटे वर राहतात आणि मधली कंबर आधाराशिवाय लोंबते. रुंद खुब्याच्या बाईला हे जास्त जाणवतं. रात्रभर कणा वाकडा राहतो, स्नायू ताणलेले राहतात. दादा सडसडीत होते आणि उताणे झोपत, त्यांना फरशीने काही केलं नाही. त्यांच्या अंथरुणाचं माप मी माझ्या अंगाला लावत होते.

माझ्यातली शिक्षिका एवढ्यावर ऐकणारी नव्हती. मी म्हटलं, मग मऊ गादी घेऊ का? त्यावर तिने 'लॅन्सेट'मधला 2003 सालचा अभ्यास सांगितला. स्पेनमधल्या, कंबरदुखी जुनाट झालेल्या पण ठोस कारण न सापडलेल्या 313 लोकांना दोन गटांत वाटलं. काहींना कडक गादी, काहींना मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. 90 दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं, अंथरुणातलंही आणि उठतानाचंही. लोळत पडावी अशी मऊ गादी त्या अभ्यासात नव्हतीच, हे तिने बजावलं. शेवटी माझ्या टणक गादीवर मेमरी फोमचा टॉपर, म्हणजे वरून अंथरायचा पातळ थर, टाकून पाहायचं ठरलं. पण मीही स्वतःला एक गोष्ट बजावली: त्या अभ्यासात तपासला तो गादीचा कडकपणा, मेमरी फोम नव्हे. दुकानात गेल्यावर हा फरक कामाला आला.

दुकानात मला पहिली ऐकायला मिळाली ती नासाची गोष्ट. "मॅडम, नासाचं तंत्रज्ञान आहे." गोष्ट खोटी नाही. 1966 मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी हा फोम तयार केला. पण तो विमानांच्या आसनांसाठी, धक्का झेलावा आणि बसणाऱ्याला आदळआपट कमी लागावी म्हणून. अंतराळवीराच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध नव्हता, आणि वजनच नसलेल्या माणसाला गादीचा काय उपयोग, हे मी त्या मुलाला विचारलंही. तो हसला आणि मला दुसऱ्या टॉपरकडे घेऊन गेला. त्यावर 'ऑर्थोपेडिक' असं छापलं होतं. त्या दुकानात सगळ्यांत मऊ गादीवरही हाच शब्द होता, तेव्हा त्याच्यावर किती भिस्त ठेवायची हे कळून चुकलं.

मग मी विकणाऱ्याचं ऐकणं थांबवून वस्तूकडे पाहायला लागले. मेमरी फोम म्हणजे पॉलियुरेथेनच, पण अंगाच्या उबेने मऊ पडणारा आणि दाब काढल्यावर सावकाश वर येणारा. हात दाबून ठेवला की पंजाचा ठसा उमटतो आणि हळूहळू भरून येतो. कुशीवरच्या माणसाला याचा फायदा असा की खांदा आणि खुबा थोडे रुततात आणि कमरेपर्यंत फोम पोचतो, म्हणजे त्या टॉवेलचं काम होतं.

खरी मेख घनतेत आहे. घनता आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी. दुकानात त्या बिनदिक्कत एक केल्या जातात. घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो फोम. 50 किंवा त्याहून जास्त असेल तर तो टॉपर लवकर बसत नाही. 30च्या आसपासचा पहिल्या दिवशी तितकाच छान वाटतो आणि मग खुब्याखाली खड्डा पडतो. पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, हे घरी तपासता येतं, आणि गणित शिकवलेल्या बाईला यात जो आनंद झाला तो लपवत नाही. 72 बाय 36 इंचांचा, 2 इंच जाडीचा टॉपर म्हणजे बरोबर 3 घनफूट, म्हणजे 0.085 घनमीटर. घनता 50 असेल तर खोळ काढून त्याचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास भरायला हवं. अडीच किलो भरलं तर तुम्हाला 30ची घनता विकली आहे. मी दुकानातच वजनकाटा मागितला. एका टॉपरची घनता 50 सांगितली होती आणि काट्याने वेगळंच सांगितलं. तो मुलगा ओशाळला, त्यालाही ठाऊक नसावं.

जाडीबद्दल मी 2 इंचांवर थांबले. भारी अंगाच्या माणसाला 3 लागतील, पण 4 इंच मेमरी फोम म्हणजे माझ्या जुन्या मताचा अगदीच धुव्वा, तेवढी मी अजून बदललेले नाही. शिवाय खाली काय आहे ते महत्त्वाचं. खालची गादी मधोमध बसलेली असेल तर टॉपरही त्याच खड्ड्यात बसतो, पैसे वाया. माझ्या दिवाणावर काथ्याची सपाट, टणक गादी आहे. त्यामुळे वरचे दोन इंच नमतात आणि खालचा कडकपणा तसाच राहतो. दादांचा निम्मा मुद्दा शिल्लक आहे, असं मी मानते.

आता तक्रारी. नवा टॉपर उघडला की रसायनाचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून तो काही दिवसांत जातो. थंडीत रात्री अंथरुणावर पडलं की फोम घट्ट लागतो, अंगाची ऊब लागली की मग नरमतो. एप्रिल-मेमध्ये उलट: तो ऊब धरून ठेवतो आणि पाठ घामेजते. जाड सुती चादर हा त्यावर माझा उपाय, प्लॅस्टिकच्या खोळीने तर भट्टीच होते. आणि सगळ्यांत अवघड गेलं ते ऊन न दाखवणं. दिवाळीआधी गाद्या गच्चीवर टाकून काठीने झोडपणं हे मी लहानपणापासून करत आले. या फोमला ऊन चालत नाही, तो पिवळा पडून भुरभुरायला लागतो. मी सवयीने तो कठड्यावर टाकायला निघाले होते. वहिनी आलेली होती, तिने जिन्यातच अडवलं. "वन्सं, ती कापसाची नाही!"

ही वहिनी माझी जुनी प्रतिपक्षी. पुण्यात ती वर्षानुवर्षं फोमवर झोपते आणि मी तिला त्यावरून सुनावत आले. आता ती म्हणते, तुमची वकिली तीच, फक्त पक्षकार बदलला. तसं मात्र नाही. शेजारच्या आजींना कंपवाताचा त्रास आहे, त्यांच्या मुलाने टॉपर आणू का विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. यात रुतलेल्या माणसाला कूस बदलायला जोर लागतो आणि त्यांच्याकडे तो नाही. पायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतो, लघवीवर ताबा राहत नाही, ताप आहे किंवा वजन उतरतंय, असं कुणी सांगितलं तर मी गादीचा विषयच काढू देत नाही, आधी डॉक्टर गाठा म्हणते.

टॉपरने माझी पाठ बरी केली का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सकाळचा ताठरपणा बराच कमी झाला, हे खरं. पण त्याच सुमारास मी त्या मुलीने दिलेले व्यायाम सुरू केले आणि कृष्णाकाठी चालायला जाऊ लागले. कशाने किती फरक पडला याचा हिशेब लागत नाही. माझा स्वतःचा कल चालण्याकडे आहे. हेलसिंकीतल्या, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अचानक कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं; तिसरा गट लवकर सावरला. म्हणजे लवंडायचं, हे माझं दुसरं ठाम मतही गेलं. ते मी कठीण अंथरुणाच्या मतापेक्षा सहज सोडलं, कारण त्यात दादा नव्हते. तेही कधी पडून राहिले नाहीत.

हा फोम काही वर्षांनी दबणार. त्या वेळी केरळच्या रबराचा लॅटेक्स घ्या, तो तापत नाही, लवकर बसत नाही, असं वहिनी आतापासूनच सांगते आहे. मला तो फार महाग आणि फार उसळणारा वाटतो. पण पुण्याला गेले की भाव विचारून येईन, आणि वजनकाटा बरोबर नेईन.