आधी ट्रेस वाच

पुणे

चि. छकुली,



हिंजवडीत स्टोरेजच्या सपोर्ट टीममध्ये तुझी नेमणूक झाल्याचं ताईने कळवलं. फार आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली, म्हणून अभिनंदनाबरोबर चार कामाच्या गोष्टीही लिहिते.

हिंजवडी, बाणेर, खराडीत बसून आपण ज्या यंत्रांचे बिघाड शोधतो, ती बहुतेकदा आपल्या दृष्टीसही पडत नाहीत. ग्राहक कॅलिफोर्नियात, सर्व्हर त्याच्या कुलूपबंद खोलीत, आणि तिकडे ऑफिस उघडतं तेव्हा इकडे रात्रीची जेवणं चाललेली असतात. आपल्या हाती येते एक पीकॅप फाइल: तारेवरून गेलेल्या पॅकेट्सची वेळेसकट नोंद. ती वाचता आली की निम्मं काम आलं. त्यासाठी पहिलं हत्यार टीसीपीडम्प.

कमांड लाइनवरचं हे साधन १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी लिहिलं. त्याआधी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, ही प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला होता. मधलं अंतर अवघं ४०० यार्ड! पोच न मिळालेली पॅकेट्स यंत्रं घाईघाईने पुन्हा पाठवत होती आणि गर्दी आणखी वाढत होती. कुठलं पॅकेट केव्हा निघालं याचे आलेख जेकबसन यांनी मांडले, आणि गर्दी जाणवली की हात आखडता घेण्याचे टीसीपीचे नियम त्यांच्या कामातून आले. ते आजही चालू आहेत.

आता एक प्रकरण सांगते. ते तुझ्याकडे येणारच. ग्राहक म्हणेल, लॉगिन होतं, फोल्डरची यादी दिसते, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं ठप्प. त्याची नेटवर्क टीम म्हणेल, "पिंग जातंय, आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही." आपले लोक म्हणतील, आमचं सॉफ्टवेअर ठीक आहे. तू कुणाचीच बाजू न घेता ट्रेस, म्हणजे ती पीकॅप फाइल, उघड. टीसीपीडम्प, डॅश एनएन, डॅश आर, पुढे फाइलचं नाव. आधी हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू करणारी पॅकेट्स, बघ. पहिल्या दोन ओळींत एमएसएस (एका पॅकेटात मावणाऱ्या डेटाची मर्यादा) १४६० दिसेल, म्हणजे दोन्ही टोकं १५०० बाइट्सची पॅकेट्स गृहीत धरून आहेत. छोटी पॅकेट्स बिनबोभाट जातात-येतात. मग पहिलं भरलेलं पॅकेट निघतं आणि त्याची पोच येत नाही. तोच सीक्वेन्स नंबर पुन्हा, परत पुन्हा, आणि दर वेळी मधला वेळ दुप्पट.

कारण असं: वाटेत व्हीपीएन आहे, त्यातून १५०० चं पॅकेट मावत नाही. तुकडे करू नका अशी खूण त्यावर असल्याने राउटर ते टाकून देतो आणि तसा आयसीएमपी निरोप उलट धाडतो. पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पिंग सोडून बाकी आयसीएमपी बंद केलेलं असतं, म्हणून तो निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पिंग छोटं, म्हणून ते पोचतं. दोन्ही टीम आपापल्या जागी खरंच बोलत होत्या, छकुली. एकट्या कुणाला पूर्ण चित्र दिसत नव्हतं, इतकंच.

मात्र ट्रेसही डोळे झाकून मानू नकोस. पाठवणाऱ्या यंत्रावरच कॅप्चर घेतलं तर १५०० हून मोठी पॅकेट्स आणि चुकीचे चेकसम दिसतात, कारण तुकडे पाडणं आणि चेकसम भरणं ही कामं पुढे नेटवर्क कार्ड करतं. म्हणून शक्य तिथे दोन्ही टोकांचं कॅप्चर माग, आणि दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने जुळवलेली आहेत ना, तेही विचार.

आणखी एक, आणि हे मनावर घे. नेटवर्कवरून फाइल्स देणाऱ्या एनएफएसची वाहतूक बहुधा उघडी असते. कुणाची पगारपत्रकं, कुणाचे तपासणी अहवाल त्या फाइलमध्ये वाचता येतील. म्हणून होस्ट आणि पोर्ट २०४९ चा फिल्टर लाव, डॅश एस वापरून सुरुवातीचे थोडेच बाइट्स घे, आणि काम झालं की फाइल पुसून टाक. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती.

वायरशार्कची रंगीत खिडकी जरूर वापर. पण ग्राहकाच्या सर्व्हरवर बहुतेकदा नुसतं टर्मिनल असतं, तेव्हा टीसीपीडम्प आणि वायरशार्कचं टर्मिनलमधलं रूप टीशार्क हाताशी हवेत.

रात्रीच्या कॉलवर दमलेली माणसं एकमेकांवर घसरतात, आणि खापर बहुधा सगळ्यात ज्युनिअर माणसावर फुटतं. ते थांबवायची ताकद तुझ्याकडे येते आहे. उत्तर लिहिताना कितव्या पॅकेटला, किती वाजता, काय झालं आणि पुढे काय करून बघावं, एवढंच लिही: तो आयसीएमपी निरोप फायरवॉलमधून जाऊ द्या, किंवा राउटरवर एमएसएस कमी करा. चूक कुणाची, हा मुद्दा मग उरतच नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये. हँडशेकपासून सुरुवात करू.

तुझी,
मावशी